मालिका बघून कुणी डॉक्टर होतं का?

सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. आपण बार्शीच्या बाजार समितीत मापाडी आहात. मुलगी २३ वर्षांची, सोलापूर विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एमए झाली, ६४ टक्के मिळाले. आता तिला पीएचडी करायची आहे आणि विषय सांगते अमेरिकन मालिकांमधले संवाद, आणि त्यांच्या मदतीनं इंग्रजी कसं शिकवावं. तिचे सर म्हणतात, एखादा अमेरिकन कादंबरीकार घे, सरळ वाट आहे. तिचे मामा म्हणतात, बीएड करून मोकळी हो. आणि आपण विचारता, ‘मॅडम, मालिका बघून कुणी डॉक्टर होतं का? आणि झालीच, तर पोटापाण्याचं काय?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. होतं.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ नावाचं गाव आहे. तिथल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात पाउलो क्वालियो यांनी ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या संवादांवरच पीएचडी केली आणि २००९ साली त्याचं पुस्तक झालं. ही मालिका १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं चालली. क्वालियोंनी तिचे संवाद एका बाजूला ठेवले आणि खऱ्याखुऱ्या अमेरिकन माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या गप्पा दुसऱ्या बाजूला. आपण पोतं हातानं उचलून वजन सांगत नाही, काट्यावर ठेवता. त्यांनी भाषेचं तेच केलं. कुठला शब्द, कुठली रचना किती वेळा येते ते संगणकावर मोजलं. या मोजणीसाठी जमवलेल्या मजकुराला कॉर्पस म्हणतात. हा त्या लोकांचा काटा.

निघालं काय? व्याकरणाच्या ढोबळ खुणा पाहिल्या तर मालिकेतलं बोलणं खऱ्या बोलण्याच्या बरंच जवळ होतं. पण दोन ठिकाणी फरक पडला. मालिकेत भावना दाखवणारे, जोर देणारे शब्द जास्त होते आणि मोघम बोलणं कमी होतं. मोघम म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरात ऐका.

‘अगं, ते हे कुठं ठेवलंस?’
‘कुठलं?’
‘ते गं, परवाचं.’
‘हां, ते होय. तिथंच आहे की, त्याच्या मागं.’

घरातल्या चौघांना सगळं कळलं. दारात उभ्या पाहुण्याला काही कळलं नाही. मालिकेचा प्रेक्षक हा तो दारातला पाहुणा असतो. दोन पात्रं एकमेकांशी बोलतात असं आपल्याला वाटतं, पण लेखक ते बोलणं तिसऱ्या माणसाला ऐकू जावं म्हणून लिहितो. म्हणून तिथं ‘ते हे’ चालत नाही, वस्तूचं नाव घ्यावंच लागतं. मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं सत्य हेच आहे. ते शोधायला कुणीतरी हजारो ओळी मोजल्या, तेव्हा ते नुसतं ‘मला वाटतं’ न राहता पुरावा झालं.

क्वालियो एकटेच नाहीत. टोरोंटो विद्यापीठाच्या सॅली टॅग्लियामाँटी यांनी एका सहकाऱ्याबरोबर २००५ मध्ये याच मालिकेवर निबंध लिहिला. विशेषणाला जोर द्यायला तिथली पात्रं ‘व्हेरी’ किंवा ‘रिअली’पेक्षा ‘सो’ जास्त वापरतात, आणि त्यातही बायकांच्या तोंडी तो अधिक येतो, असं त्यांना दिसलं. भाषा कुठल्या दिशेनं सरकते आहे याचा सुगावा लोकप्रिय मालिकेतून लागू शकतो, हा त्या निबंधाचा मुद्दा. सिडनी विद्यापीठाच्या मोनिका बेडनारेक यांनी अमेरिकन मालिकांच्या ६६ भागांचा नेमका तपासलेला कॉर्पस तयार केला आहे. मार्क डेव्हिस यांनी तर १९५० पासूनच्या सुमारे ७५,००० भागांमधले ३२.५ कोटी शब्द शोधता येतील असं भांडार इंटरनेटवर उघडं ठेवलं आहे. ते बार्शीत बसूनही वापरता येतं.

तेव्हा विषय उथळ आहे ही भीती मनातून काढा. माझी काळजी दुसरी आहे, आणि इथून पुढचं पत्र मुलीच्या हातात द्या. तिच्याशी मी ‘तू’ म्हणूनच बोलते.

बाळ, तू वडिलांकडे जो विषय सांगितलास तो एक नाही, तीन आहेत. अमेरिकन साहित्य हे एक घर, इंग्रजीचं अध्यापन हे दुसरं, आणि संवादाचा भाषावैज्ञानिक अभ्यास हे तिसरं. तिन्ही घरांमध्ये जाणंयेणं आहे, पण प्रत्येकाचा मार्गदर्शक वेगळा, पुराव्याची पद्धत वेगळी. साहित्यवाला विचारेल, हा संवाद काय अर्थ उभा करतो? भाषावैज्ञानिक विचारेल, हे किती वेळा येतं, कुणाच्या तोंडी, कशाच्या तुलनेत? अध्यापनवाला विचारेल, हे दाखवल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांच्या कानात काय बदललं आणि ते तू कसं मोजलंस? मुलाखतीत तीन जणांच्या समितीसमोर तिन्ही उत्तरं एकदम द्यायला गेलीस तर तिघंही नाराज होतील. कुठला तरी एक प्रश्न तुझा कर, बाकीचे दोन मदतीला घे. देश, विद्यापीठ, फेलोशिप हे सगळं त्यानंतर.

तुझ्या सरांचंही ऐकून घे, फक्त त्यांच्या सल्ल्यातली दुसरी बाजू बघ. अमेरिकन साहित्य आणि बोलणं यांचं नातं टीव्हीच्या फार आधीचं आहे. मार्क ट्वेन यांनी ‘हकलबेरी फिन’च्या सुरुवातीलाच टीप दिली आहे की या पुस्तकात अनेक बोली वापरल्या आहेत, आणि त्यांतल्या छटा अंदाजपंचे नव्हे तर कष्टानं, त्या बोलींच्या ओळखीतून आणल्या आहेत. ही टीप का, तर नाहीतर वाचकांना वाटेल की सगळी पात्रं एकसारखं बोलू पाहताहेत आणि त्यांना ते जमत नाही. हे पुस्तक इंग्लंडात १८८४ मध्ये आणि अमेरिकेत १८८५ मध्ये आलं. बोलणं कागदावर कसं उतरवायचं, कुणाचं बोलणं ‘शुद्ध’ आणि कुणाचं ‘बोली’, हा प्रश्न तिथून आजच्या पटकथेपर्यंत येतो. आणि तो आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून दिली. दलित आणि आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची तुलना करणारे प्रबंध आपल्याकडे भरपूर झाले आहेत, त्यातले बरेच वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांच्या पुढे जात नाहीत. पण या लेखकांनी बोलणं कसं लिहिलं, या एका बाजूनं पाहिलंस तर तुझे सर आणि तू, दोघांनाही आवडेल असा विषय निघू शकतो.

माझा स्वतःचा ओढा मात्र अध्यापनाकडे आहे, हे लपवत नाही. मी चौदा वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं उताऱ्यावरचे प्रश्न सोडवतात, काळ बदलतात, पॅसिव्ह करतात. एकदा मी वर्गात एका अमेरिकन मालिकेतलं दोन मिनिटांचं दृश्य फक्त ऐकवलं, चित्र न दाखवता. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे वाक्य कागदावर प्रत्येकाला येत होतं. कानावर पडलं ‘वॉच्यु गना डू’. साठ मुलांपैकी एकानंही ते ओळखलं नाही. मग वाक्य फळ्यावर लिहिलं आणि पुन्हा ऐकवलं. मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, हे तर आपल्याला येतंय की!’ त्याच्या चेहऱ्यावरचा राग मला आजही आठवतो. इतकी वर्षं येत असलेली गोष्ट कुणी त्याला ऐकवलीच नव्हती.

म्हणून सांगते, तुझा विषय कामाचा आहे. पण मालिकेतलं इंग्रजी म्हणजे खरं इंग्रजी असं मुलांना सांगू नकोस. खऱ्या बोलण्यात माणसं अडखळतात, एकमेकांचं वाक्य मधेच तोडतात, अर्धवट सोडतात. मालिकेत हे सगळं धुवून-पुसून येतं. काय गाळलं गेलं आहे हे माहीत असलेला शिक्षकच मालिका नीट वापरू शकतो, आणि तिथं तुझ्या प्रबंधाला जागा आहे.

आता वाटा. ६४ टक्क्यांवर पीएचडीची पात्रता तुझ्याकडे आहे, ५५ टक्के लागतात. पहिलं काम नेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. तिच्यात वरचे गुण पडून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, मुलींना पाच वर्षांची सवलत मिळते, तेव्हा घाई नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात. इंग्रजीच्या नेटमध्ये भाषा आणि तिचं अध्यापन असा स्वतंत्र घटक आहे, भारतातल्या इंग्रजीवर एक आहे, संशोधन पद्धतीवर एक आहे. कविता-नाटकं पाठ करणारी मुलं इथं मार खातात, तू खाऊ नकोस. सेट ही राज्याची तशीच परीक्षाही दे, महाराष्ट्र आणि गोव्यात प्राध्यापकीला ती चालते, पण तिच्यावर फेलोशिप नाही. फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाला जी लागू असेल तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेव.

विद्यापीठ निवडताना हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, पहिल्या नंबरवर ठेव. इंग्रजी अध्यापन आणि भाषाविज्ञान दोन्हींवर तिथं गंभीर काम होतं. सोलापुरातून एका रात्रीचा प्रवास. हैदराबादमध्येच उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात १९६४ साली अमेरिकन साहित्याच्या अभ्यासासाठी मोठं केंद्र उभं राहिलं होतं. आपल्या कितीतरी प्राध्यापकांनी तिथल्या ग्रंथालयात बसून प्रबंध लिहिले.

अमेरिकेत थेट पीएचडीला जाता येतं. चांगल्या विद्यापीठांत इंग्रजीच्या किंवा उपयोजित भाषाविज्ञानाच्या पीएचडीला फी माफ असते आणि पगारासारखा भत्ता मिळतो. बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवावं लागतं. साधारण पाच-सहा वर्षं लागतात. अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात. अर्जासोबत तुझ्या लेखनाचा पंधरा-वीस पानी नमुना लागतो आणि निवड बरीचशी त्यावरच ठरते. मात्र कर्ज काढून तिकडं दुसरं एमए करायला जाऊ नकोस. साहित्याच्या पदवीवर ते कर्ज फिटत नाही, आणि मापाड्याच्या घरानं तो बोजा घेऊ नये. अमेरिकेतही इंग्रजीच्या कायम प्राध्यापकीच्या जागा २००८ नंतर खूप आटल्या आहेत. मधला मार्ग मला जास्त पटतो: पीएचडीची नोंदणी इथं कर आणि नंतर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने तिकडच्या एखाद्या विभागात काम करून ये.

नोकरीचं आता दोघांनाही सांगते. पीएचडी, नेट, सेट सगळं असून तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. मला स्वतःला एका संस्थेत मुलाखतीच्या आधी ‘तुमची तयारी किती?’ असं विचारलं होतं आणि ती तयारी अभ्यासाची नव्हती. मी उठून आले. म्हणून एकाच दारावर उभं राहू नका. अध्यापनाची बाजू धरली तर शिक्षक-प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकं, परीक्षा तयार करणाऱ्या संस्था, कंपन्यांमधलं भाषा प्रशिक्षण अशी कामं निघतात. इफ्लूचा दूरशिक्षणानं होणारा इंग्रजी अध्यापनाचा डिप्लोमा त्यासाठी उपयोगी आहे. संवादाची बाजू धरली तर उपशीर्षकं आणि डबिंगचं काम मुंबईत आहे. मिनिटाच्या हिशेबानं पैसे मिळतात आणि यंत्रानं त्यातलं बरंच खाल्लं आहे, पण ‘गना’ आणि ‘ते हे’ दोन्ही नीट कळणारा माणूस अजून लागतो. मामांचं बीएडही मोडीत काढू नकोस. फक्त ते आधी करायचं की नेटचे दोन प्रयत्न झाल्यावर, एवढाच प्रश्न आहे, आणि मी म्हणेन नंतर.

त्याआधी एक काम कर. कुठल्याही अमेरिकन मालिकेतली दहा मिनिटं स्वतः ऐकून शब्द न् शब्द लिही, अडखळणं आणि मधले थांबे यांच्यासकट. इंटरनेटवरची तयार संहिता घेऊ नकोस. दहा मिनिटांना तीन-चार तास लागतील. मग तुमच्या घरातल्या संध्याकाळच्या चहाची दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि तीही तशीच लिही. दोन्ही कागद शेजारी ठेव. अँटकाँक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते शब्द मोजून देतं, पण आधी नुसत्या डोळ्यांनी बघ. या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर हा विषय तुझा. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा आला, तर सरांची कादंबरी घे.

दोन्ही कागद मला पाठव. चहाचं रेकॉर्डिंग करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचार, आजीलासुद्धा, आणि त्या हो म्हणाल्या असं कागदाच्या माथ्यावर लिही.