उंटाच्या छोट्या अँटिबॉडीने हंटिंग्टन बरा होतो का?

तुमचा प्रश्न असा : बाबांना हंटिंग्टन (मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार) आहे, तुमचं वय 24, उंटाच्या रक्तातल्या छोट्या अँटिबॉडीने हा आजार थांबतो असं वाचलं, तर ते औषध नागपुरात मिळेल का? आज नाही. हंटिंग्टनसाठी मान्यता मिळालेली अशी अँटिबॉडी जगात कुठेच नाही. पण तुम्ही वाचलंत ते खोटंही नाही. मी इथे नागपुरात बायोकेमिस्ट्री शिकवतो, आणि त्याआधी चार वर्षं याच कामात होतो.

आपल्या विदर्भात सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. तो आजार व्हायला सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडून यावं लागतं. हंटिंग्टनला एकाकडून आलेलं पुरतं. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ 40 किंवा जास्त वेळा आली की त्यातून बनणारं हंटिंग्टिन प्रथिन चिकट होतं आणि मेंदूच्या पेशींत त्याच्या गुठळ्या होतात. हे जनुक 1993 साली सापडलं. उंटाच्या रक्तात नेहमीच्या निम्म्याच साखळ्यांच्या अँटिबॉडीज असतात हे ब्रुसेल्सच्या संशोधकांनी छापलं तेही 1993 सालीच.

चिकट हंटिंग्टिनला पेशीच्या आतच पकडायचं आणि गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, हे अँटिबॉडीकडून हवं असलेलं काम. नेहमीची अँटिबॉडी 150 किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचं माप), उंटाच्या अँटिबॉडीचं पकडणारं टोक जेमतेम 15. इतवारीच्या बोळात ट्रक शिरत नाही, सायकल शिरते, तसं. मात्र पेशीच्या आत ही सायकलही बाहेरून जात नाही. म्हणून अँटिबॉडीचं जनुकच आत सोडायचं आणि ती पेशीकडूनच बनवून घ्यायची. इथे खरी मारामारी सुरू होते. अँटिबॉडीची घडी धरून ठेवणारे गंधकाचे टाके पेशीच्या आत बसत नाहीत. परीक्षानळीत झकास चालणाऱ्या आमच्या कितीतरी अँटिबॉडीज पेशीत गेल्या की नुसता लगदा. टाक्यांशिवाय टिकणारी एखादी शोधायला महिने जायचे.

ती सापडली तो दिवस मला लख्ख आठवतो. हिरवा चमकणारा टॅग लावलेलं सदोष हंटिंग्टिन सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीच्या डोक्यासारखं ठिपक्याठिपक्यांनी दिसतं. त्या दिवशी शेजारच्या प्लेटमधल्या पेशींत तोच हिरवा रंग पातळ, सगळीकडे सारखा पसरला होता. रात्री साडेअकराला मी गाईडना फोन लावला.

इतरांच्या प्रयोगांत अशाच, पण उंटाच्या नसलेल्या, छोट्या अँटिबॉडीजनी उंदरांच्या मेंदूतही गुठळ्या कमी झाल्या आहेत. पण माणसाचा मेंदू केवढा, त्यातल्या पुरेशा पेशींपर्यंत हे जनुक विषाणूच्या पाठीवरून न्यायचं, आणि एकदा गेलं की परत काढता येत नाही. रक्ताच्या एका आजारावर उंटाच्याच कुळातल्या लामाच्या अँटिबॉडीपासूनचं औषध, कॅप्लासिझुमॅब, युरोपात 2018 पासून मान्य आहे, कारण तिथे औषध सुईने रक्तात पोचलं की झालं. मेंदूचं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. म्हणून कुणी लाखभर रुपये मागून ‘उंटाचं इंजेक्शन’ देऊ केलं तर एक रुपयाही देऊ नका.

तुमच्यात ते जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासणी करायचीच असं नाही. ठरवलंत तर आधी समुपदेशन घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेला याचा अनुभव आहे. आणि बाबांच्या अंगाच्या अनावर हालचालींवर, मन खचण्यावर औषधं आजही आहेत, ती न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून विचारा. वजन उतरत असेल तर जेवणात तूप, साय वाढवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टला दाखवा, ते लांबणीवर टाकू नका.