उत्तरसूची गणितातच असते

प्रश्न : मी कराडला बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जॅम (एम.एस्सी.साठीची आयआयटीची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे. डेरिव्हेशन्स पाठ आहेत, पण डायव्हर्जन्स-कर्लचं (क्षेत्र एखाद्या बिंदूपाशी किती पसरतं, किती फिरतं याचं) गणित समोर आलं की हात थांबतो. उत्तरांसह भरपूर गणितं कुठे मिळतील? पुण्याला क्लास लावू का?

उत्तर : क्लासचे पैसे सध्या घरातच राहू देत. गणितांचा तुटवडा नाही. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ८.०२ या विषयाचे (वीज आणि चुंबकत्व) प्रश्नसंच उत्तरांसह आहेत. ग्रिफिथ्सचं विद्युतचुंबकत्वावरचं पुस्तक तर तुमच्या ग्रंथालयात असेलच. त्यातलं सदिशांचं पहिलं प्रकरण मुलं चाळून सोडून देतात, तू तिथूनच सुरुवात कर.

पण पाठ केलेल्या डेरिव्हेशननं हात चालत नसतो. त्यासाठी आधी प्रीतिसंगमावर जा, वही घेऊन. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि पाणी पूर्वेला वळतं. नदीच्या रेषेत x, पूर्वेकडे y धर. वेगाचे घटक साधारण −kx आणि ky (k हा स्थिरांक). आता सांग, दोन नद्या एकत्र येतात तिथे डायव्हर्जन्स ऋण असणार ना? बहुतेक जण हो म्हणतात. करून बघ : प्रत्येक घटक आपापल्या दिशेत किती दराने बदलतो त्याची बेरीज घे, −k अधिक k, म्हणजे शून्य. जेवढं पाणी येतं तेवढंच निघून जातं. कर्लही शून्य. जिथे विद्युतभार नाही अशा जागेतलं स्थिर विद्युतक्षेत्र अगदी असंच असू शकतं. (खरी नदी काठाशी संथ होते, तिथे कर्ल शून्य राहत नाही. ते सूत्र तू मांड.)

उत्तरं छापलेली हवीत, हा हट्ट सोड. या विषयात गणित स्वतःच तपासता येतं. (x, y, z) हे क्षेत्र घे, a बाजूचा घन घे. डायव्हर्जन्स ३, म्हणून घनफळावरून ३a³. सहा पृष्ठांवरचा फ्लक्स (पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण प्रवाह) वेगळा काढ, तोही ३a³ यायला हवा. नाही आला तर चूक तुझ्याच वहीत आहे. (−y, x) साठी R त्रिज्येचं वर्तुळ घेतलंस तर स्टोक्सच्या प्रमेयाच्या दोन्ही बाजू (वर्तुळाभोवती क्षेत्राची बेरीज आणि आतल्या कर्लची बेरीज) २πR² देतात. मग त्याच क्षेत्राला x² + y² ने भाग. कर्ल शून्य, पण वर्तुळाभोवती २π! इथे दचकायला हवं. केंद्रापाशी सूत्रच लागू नाही, आणि सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र याच रूपाचं असतं. तार नेमकी त्या केंद्रातून जाते.

जॅममधल्या साठ प्रश्नांपैकी वीस प्रश्नांना पर्याय नसतात, थेट आकडा लिहायचा असतो. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना बाकीच्यांचेही पर्याय कागदानं झाकून ठेव.

रोज दोनच गणितं, दोन रीतींनी. दिवाळीपर्यंत एवढं कर आणि अडलेली वेगळ्या वहीत उतरवून ठेव. ती वही सरांना दाखव. क्लास लागेल की नाही, हे सूत्रं पाहून नव्हे, ती वही पाहून ठरवू.