बिस्किटाच्या पुड्यावरचा ११०१ माळकरी माणसाला चालतो का? रोज खाल्ला तर अपाय आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई माळकरी आहेत, सकाळच्या चहाला त्यांना दोन बिस्किटं लागतात. पुड्यावर बारीक अक्षरात 'इम्प्रूव्हर ११०१' आणि पुढे कंसात दोन उभ्या काड्या छापलेल्या आहेत. कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की ११०१ म्हणजे एन्झाइम (पदार्थ तोडायचं काम करणारं प्रथिन), आणि तो डुकराच्या पोटातून काढतात, आणि तेव्हापासून त्यांनी बिस्किटाला हात लावलेला नाही.

त्यांना सांगा, ती पपई आहे.

११०१ हा प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. कंसात एक काडी असेल तर बुरशीपासून केलेला, दोन असतील तर पपेन, म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातला, आणि तीन असतील तर अननसातला ब्रोमेलेन. डुकराच्या जठरातून काढलेला पेप्सिन नावाचा एन्झाइम जगात आहे, हे खरं, म्हणून तो मेसेज अगदीच हवेतला नाही. पण तो ज्यात पडला त्या मालावर हिरवा ठिपका लावता येत नाही. दूध आणि मध यांसारख्या गोष्टी सोडल्या तर प्राण्यापासूनचं काहीही पडलं की आपल्या कायद्याने तो माल मांसाहारी. चीजबद्दलही लोक हेच विचारतात. आपल्याकडच्या मानकातच चीज विरजायला प्राण्याचं नसलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा एन्झाइम, सांगितलंय.

मी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकलो आणि पुढे काही वर्षं ब्रेड-बिस्किटांतच काढली. पपेन मला आधी पाकिटातली भुकटी म्हणूनच माहीत होतं. मग एकदा एका वावरात चीक काढताना पाहिला. अडीच-तीन महिन्यांचं हिरवं फळ झाडावरच असतं, पहाटे उन्हं चढायच्या आत त्यावर वरून खाली चार उभ्या रेघा ओढतात, जेमतेम दोन-तीन मिलीमीटर खोल. पांढरा चीक थेंबाथेंबाने खाली धरलेल्या ताटात पडतो आणि पाहता पाहता गोठतो. पातं स्टीलचं किंवा बांबूचं लागतं, लोखंडाचं चालत नाही. काढणारी बाई हाताला पिशव्या बांधून होती. मी विचारलं तर म्हणाली, "हे कातडं खातंय." ते शब्दशः खरं आहे, कातडं म्हणजे प्रथिनंच. तो चीक पन्नास-पंचावन्न अंशांवर वाळवला की पपेनची कच्ची भुकटी तयार. रेघा पडलेलं फळ बाजारात कोण घेणार? ते बहुतेक टुटी-फ्रुटीला जातं. एकाच पपईचा चीक बिस्किटात आणि गर केकमध्ये!

बिस्किटात त्याचं काम काय, तर मैद्याचा चिवटपणा मोडणं. मारीसारखं पातळ, कडक बिस्किट करताना पीठ लाटून साच्याने कापलं की ते रबरासारखं आक्रसतं, गोल कापावं तर लंबुळकं होतं. पपेन ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे जागोजाग कापतं, पीठ शांत पडून राहतं. तुमच्या घरी मटण होत नसेल, पण आमच्याकडे जून बोकडाला कच्च्या पपईची फोड वाटून लावतात, तो हाच प्रकार. शाकाहारी पुरावा हवा असेल तर कच्च्या अननसाचा रस कोमट दुधात घालून बघा, दूध फाटतं आणि थोड्या वेळाने कडू लागतं. फाटण्यात आंबटपणाचाही हात असतो, पण ती कडू चव एन्झाइमाने तोडलेल्या प्रथिनांची.

आता अपायाचं. भट्टीत बिस्किट इतकं तापतं आणि सुकतं की पपेन तिथेच निकामी होतं. साठ-सत्तर अंशांपर्यंत ते उलट जोरात काम करतं, त्याच्या बरंच वर गेलं की त्याची घडी विस्कटते. चहात बुडवता ते निव्वळ मेलेलं प्रथिन, तेही चिमटीच्या अंशाएवढं, आणि ते पोटात डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही पपेन सुरक्षित मानलेल्या पदार्थांच्या यादीत ठेवलंय. खरं तर पुड्यावर ११०१ च्या जागी २२३ असेल, तर दम्याच्या माणसाने जास्त लक्ष द्यावं. तो सोडियम मेटाबायसल्फाइट, तोही चिवटपणा मोडायलाच घालतात, आणि सल्फाइटने काहींचा दमा उसळतो. म्हणूनच किलोला दहा मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते पाकिटावर ॲलर्जीच्या सूचनेत लिहावं लागतं.

पण ताई, 'वनस्पतीपासूनचं आहे म्हणून सुरक्षित' असं मी म्हणतोय असं समजू नका. आपल्या मराठवाड्यात तर असं कुणी म्हणूच नये. पावसाने ताण दिला, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, किंवा कापलेल्या धाटाला कोवळे फुटवे आले, की शहाणा माणूस त्यात जनावर सोडत नाही. का? त्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ एका कप्प्यात असतो आणि त्याला फोडणारा एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. बैलाने पान चावलं की दोघं भेटतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. धडधाकट जनावर तासाभरातही आडवं होतं. शुद्ध, देशी, शंभर टक्के वनस्पतीचाच एन्झाइम! आणि तीच ज्वारी पिकून वाळली की कडबा निर्धास्त घालतात, भाकरी आपण तिन्ही त्रिकाळ खातो. तेव्हा एन्झाइम कुठून आला हे विचारून अर्धंच कळतं. तो कशाला तोडतो, तोडून काय निघतं आणि आपल्या तोंडात येतो तेव्हा जिवंत आहे का, हे विचारलं तर पुरतं कळेल.

हेच जोखीम कुणाला, तेही सांगतं. भट्टीतल्या बिस्किटाने सहसा कुणाला काही होत नाही. पपेन जिवंत असतं ते मटण मऊ करायच्या भुकटीत, पचनाच्या सिरपमध्ये आणि गोळ्यांत. रबरी फुगा किंवा हातमोजे यांनी ज्यांना खाज सुटते, त्यांना पपईच्या चिकाचंही वावडं असू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अशी सिरपं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सगळ्यात जास्त सोसतो तो कारखान्यातला माणूस. माझा एक सहकारी एन्झाइमची भुकटी मोजायला बसला की शिंका सुरू व्हायच्या, पुढे धाप लागायला लागली. मास्क असूनही कुणी लावत नव्हतं. ही भुकटी नाकातून गेली की घातक, पोटात शिजून गेली की बिनबोभाट.

"कंपनीने जास्त घातलं तर?" असंही तुम्ही विचारलंय. यावर माझीच एक फजिती सांगतो. २०१६ मध्ये पोटॅशियम ब्रोमेट या पावाच्या पिठात घालायच्या रसायनावर बंदी आली आणि ब्रेडमध्ये त्याच्या जागी एन्झाइम अधिकच घालायला लागले. पन्नास किलोच्या पोत्याला काही ग्रॅम घालायचे असतात. एका रात्री मी दशांशचिन्ह चुकलो आणि दहापट अमायलेज पडलं. हा एन्झाइम पिष्ट तोडून साखर करतो. सकाळी पाव बाहेर आले ते वरून काळपट-तांबडे आणि आतून गोंदासारखे. कापायच्या यंत्राची पाती चिकटून बसली, पावाला बोट लावलं तर खळगा तसाच राही. अख्खी खेप गेली. कुणी आजारी पडायचा प्रश्नच आला नाही, कारण तो पाव विकायच्याच लायकीचा उरला नव्हता. पपेनचंही तसंच. जास्त झालं तर कणिक पातळ होऊन साच्यात राहतच नाही. कंपन्यांवर माझा आंधळा विश्वास नाही, पण इथे हात सैल सोडून त्यांचंच नुकसान होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. जे एन्झाइम काम करून पुढे निकामी होतात किंवा काढून टाकतात, ते बऱ्याचदा पाकिटावर दिसत नाहीत. नितळ सफरचंदाचा रस, ग्लुकोज सिरप, हे सगळे एन्झाइमांच्याच हाताखालून आलेले असतात, पण त्यांची वेगळी ओळ नसते. नियमांत अशा एन्झाइमांची, ते कोणत्या जीवापासून काढले त्यासह, यादी आहे, पण ती पुड्यावर नाही हे मला स्वतःला खटकतं. आता माळकरी माणसाने विचारलं की हे कुठून आलं, तर दुकानदार काय सांगणार?

तर सासूबाईंना बिस्किट द्या, कंसात दोन काड्या दाखवून "ही पपई" म्हणा. फक्त एकादशीला नको. पपई उपवासाला चालते, मैदा नाही.