‘तो तुझा कोण लागतो?’

“मॅडम, सख्खी आजी गेली तेव्हासुद्धा हा इतका रडला नव्हता. आणि आता एका क्रिकेटरसाठी दहा दिवस धड जेवत नाही. तो ह्याचा कोण लागतो, तुम्हीच विचारा.”

जानेवारी २०२३ चा दुसरा आठवडा होता. समुपदेशनासाठी आलेले पन्नाशीचे वडील समोर, शेजारी नववीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा शाळेच्या संघात विकेटकीपर. ३० डिसेंबरच्या पहाटे दिल्लीहून रुरकीला घरी निघालेल्या ऋषभ पंतची गाडी दुभाजकावर आदळून पेटली, त्या दिवसापासून याचं खाणं, झोप, सराव सगळंच बिघडलं होतं. वडिलांना मुलाची काळजी होती, आणि थोडी लाजही वाटत होती. परक्या माणसासाठी पोरगं असं कोसळतं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मोठ्या माणसाला अपघात झाला की पुढच्या काही दिवसांत अशा शंका घेऊन पालक येतातच. कधी मुलगी नटासाठी रडत असते, कधी नवरा बातम्यांपुढून हलत नसतो. त्यांना मी आधी एवढंच सांगते की हे वेड नाही. पडद्यावर ज्याला वर्षानुवर्षं पाहिलं, त्याचं हसणं, चिडणं, त्याच्या लकबी आपल्याला पाठ असतात. तो आपल्याला ओळखत नाही हे डोक्याला कळतं, पण मनाच्या लेखी तो ओळखीचाच असतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच अशा एकतर्फी नात्यावर लिहिलं होतं. नातं एकतर्फी असलं तरी दुःख खोटं नसतं.

पण दहा दिवस जेवण-झोप उडावी, याला एवढं कारण मला पुरेसं वाटत नव्हतं. वडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

मुलगा घड्याळाचा पट्टा काढत होता, पुन्हा लावत होता. “का रडतोस?” हे त्याला घरात शंभर वेळा विचारून झालं होतं, म्हणून मी विचारलं, “तू काय काय पाहिलंस?”

त्यानं क्रमानं सांगितलं. सीसीटीव्हीतली वेगात येणारी गाडी. मग जळणारी गाडी. मग रक्ताळलेला चेहरा आणि सोललेली पाठ.

“फोटो कुठे पाहिलास?”

“घरच्या ग्रुपवर.” थोडा थांबून म्हणाला, “बाबांनीच टाकला होता.”

आणि फोटोखालचे मेसेज त्याला तोंडपाठ होते. ‘पैसा डोक्यात गेला की असंच होतं.’ ‘एवढी महागडी गाडी, ड्रायव्हर ठेवायला काय झालं होतं?’ डोळा लागला असावा, असं पोलिसांच्या हवाल्यानं पहिल्याच दिवशी बातम्यांत आलं होतं (खड्डा चुकवताना अपघात झाला, असंही पुढे सांगितलं गेलं), त्यावर वडिलांनी लिहिलं होतं, ‘झोप आली की गाडी बाजूला घ्यायची. साधी गोष्ट आहे.’

मुलगा पट्ट्याकडे बघत म्हणाला, “मग बाबा घेतात का बाजूला?”

वडिलांची पहिली पाळी असते. पहाटे साडेचारला निघतात, सव्वा तासाचा रस्ता, गाडी स्वतःच चालवतात. जेवताना कधीतरी म्हणाले होते, “एक पट्टा असा आहे, तिथे डोळे मिटायलाच लागतात. मग काच खाली करतो.” त्या वेळी सगळे हसले होते. अपघातानंतर मुलगा रोज साडेचारला जागा होई. फाटकाची कडी वाजलेली ऐकायची, मग पांघरुणात फोन घेऊन वडिलांच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसेपर्यंत बघत राहायचं. पावणेसहाच्या आसपास दिसायचं. मग झोप लागायची, आणि साडेसहाला आई शाळेसाठी उठवायची. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याची परवानगी घेऊन मी वडिलांना आत बोलावलं. सांगितलं मी नाही, मुलानंच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथे मला वडिलांच्या बाजूनं लिहायचं आहे, कारण ग्रुपवरच्या त्या एका ओळीवरून त्यांना निष्ठुर ठरवणं सोपं आहे. अपघाताची बातमी येताच चूक कोणाची हे शोधायला आपण का धावतो? मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं आहे की जगात ज्याचं त्याला रास्त फळ मिळतं, असं मानण्याची माणसाला फार गरज असते. त्याचं चुकलं म्हणून त्याला झालं, मी चुकत नाही म्हणून मला होणार नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो. रोज पहाटे पेंगत गाडी चालवणाऱ्या माणसाला या दिलाशाची गरज इतरांपेक्षा जास्तच असणार. बापलेक दोघंही एकाच गोष्टीला घाबरले होते. मुलगा ती भीती रडून दाखवत होता, वडील शिस्तीचा धडा देऊन. हेच मी दोघांसमोर बोलले.

तेव्हा वडील म्हणाले, “अमिताभला लागलं होतं, तेव्हा आमच्या आईनं उपास धरले होते.”

मुलानं पहिल्यांदा वर पाहिलं.

१९८२ चा जुलै. बंगळुरूला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ते मृत्यूच्या दारातून परतले आणि २४ सप्टेंबरला घरी गेले. देशभर लोकांनी प्रार्थना केल्या होत्या. हे वडील तेव्हा दहा वर्षांचे. “रेडिओवर बातम्या लागल्या की आई आम्हाला गप्प बसवायची. घरी सोडल्याचं कळलं त्या दिवशी तिनं उपास सोडला. तिला कुणी विचारलं नाही, तो तुझा कोण लागतो म्हणून.”

ही तीच आजी, जिच्या जाण्यावर मुलगा रडला नव्हता. “का नाही रडलास?” मी विचारलं. म्हणाला, “बाबा रडले नाहीत ना.”

या उत्तरावर मी काही बोलले नाही. त्या दोघांना त्यासोबत थोडं बसू दिलं.

पुढचं काम तसं सरळ होतं. आधी त्या फोटोचं. १९८२ मध्ये रेडिओ दिवसातून ठरावीक वेळा बोलायचा, जखम कुणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हती. आता तीच जखम दिवसातून पन्नास वेळा खिशात थरथरते. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर अमेरिकेत अभ्यास झाला. त्यात पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या बातम्यांमध्ये राहिलेल्यांनी नोंदवलेला ताण, प्रत्यक्ष स्फोटांजवळ असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला होता. आपल्याकडेही ९ जानेवारी २०२३ ला माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना विचलित करणारी दृश्यं न दाखवण्याची सूचना काढली, आणि उदाहरणांत एका क्रिकेटपटूच्या अपघाताची दृश्यंही होती. मला मात्र वाहिन्यांपेक्षा घरच्या ग्रुपची काळजी जास्त वाटते. तिथे फोटो परका माणूस पाठवत नाही, बाबा नाहीतर काका पाठवतो, म्हणून मूल तो उघडतंच.

वडिलांनी माझ्यासमोरच फोन काढला. आता तो फोटो सगळ्यांकडून पुसता येत नव्हता. त्यांनी टाइप केलं, ‘तो फोटो मी टाकायला नको होता. सगळ्यांनी काढून टाका.’ पाठवण्याआधी मुलाला वाचायला दिलं. त्यानं ‘कृपया’ घातलं.

बातम्या बंद करा, असं मी सांगितलं नाही. चोरून बघितलेलं जास्त टोचतं. दिवसातून एकदा, संध्याकाळी, बाबांसोबत बसून फक्त अधिकृत खबर वाचायची, एवढं ठरलं. आणि सराव हळूहळू सुरू करायचा, आधी नुसते ग्लोव्ह्ज घालून मैदानावर जायचं. वडिलांना एक गोष्ट वेगळी सांगितली. आणखी दोन-तीन आठवड्यांत झोप-जेवण रुळावर आलं नाही, दचकून उठणं वाढलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो एकदा जरी बोलला, तर लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं, वाट बघायची नाही. आमच्या कामात ही रेघ स्पष्ट सांगावीच लागते.

तशी वेळ आली नाही. १६ जानेवारीला पंतनं स्वतः लिहिलं की शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि मदतीला धावलेल्या दोन तरुणांचे नाव घेऊन आभार मानले. मुलानं ते मला वाचून दाखवलं. गाडीतून बाहेर पडायला मदत केली ती हरियाणा रोडवेजच्या बसचा चालक आणि वाहक यांनी, हेही त्यानंच सांगितलं. “त्यांना तर तो कोण आहे हे माहीतसुद्धा नव्हतं, मॅडम.” फेब्रुवारीत कुबड्या घेऊन चालतानाचा फोटो आला, तो त्यानं फोनवर लावला.

झोपेचा प्रश्न मात्र पंतच्या बऱ्या होण्यानं सुटणारा नव्हता, कारण तो पंतचा नव्हताच. वडिलांनी रात्री साडेनऊला झोपायचं, पोचल्यावर मेसेज करायचा, आणि डोळे मिटायला लागले तर काच खाली न करता गाडी बाजूला घ्यायची, असं दोघांनी बसून ठरवलं. मुलानं साडेचारला उठायचं नाही, ही त्याची बाजू.

चौथ्या भेटीला मुलानं खुर्चीत बसायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला. पहाटे ५ वाजून १० मिनिटांचा मेसेज होता. ‘पंपावर थांबलोय. वीस मिनिटं झोपतो. तू झोप.’

“मला सकाळी उठल्यावर दिसला,” तो म्हणाला.