धाकट्या जावेची पहिली संक्रांत आहे. दागिने, वाण, सजावट घरीच करायची तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या जावेची पहिली संक्रांत आहे, तुमच्या दीड वर्षाच्या मुलाचं बोरन्हाणही त्यातच करायचंय, पंचवीस-तीस बायका येतील, घर भाड्याचं असल्याने भिंतीला खिळा ठोकता येत नाही, आणि विकतचा दागिन्यांचा संच नि प्लॅस्टिकच्या डब्यांचं वाण यावर पैसे घालायची इच्छा नाही. घरी हाताने काय होईल?

बरंच होईल. फक्त सगळीकडे सारखी मेहनत घेऊ नका. दागिने एकाच व्यक्तीसाठी असतात आणि तिच्या आयुष्यात एकदाच, तेव्हा वेळ तिथे घाला. वाण तीस जणींना द्यायचंय, ते एकच ठेवा आणि सोपं ठेवा. सजावटीला तर सुगडांसाठी आणलेला भाजीबाजारच पुरतो.

आधी तारखेचं. संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते, पण हळदीकुंकू आणि बोरन्हाण त्याच दिवशी करायला हवं असं नाही. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. मधला एखादा रविवार धरलात तर नोकरी करणाऱ्या मैत्रिणी निवांत येतील आणि तुमच्याही हातात जास्त दिवस राहतील. संक्रांतीला घरच्या घरी सुगडं पुजा, तिळगूळ द्या, आणि मोठा कार्यक्रम पुढे ठेवा.

आता दागिने. हलवा विकत आणा, दागिने घरी करा, असं मी सांगेन. घरी हलवा करणं ही एक वेगळीच साधना आहे. मंद शेगडीवर परात ठेवायची, त्यात तीळ घ्यायचे, साखरेचा गाळलेला पाक चमचाभर सोडायचा आणि तो दाण्यांवर सुकेपर्यंत बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. मग पुढचा चमचा. असं रोज काही तास, तीन-चार दिवस. कोरड्या थंडीत पाक दाण्यावर चटकन सुकतो आणि काटा उभा राहतो. हवा दमट असली की दाणे एकमेकांना चिकटतात. आमच्याकडे मोठ्या काकू पहाटेच परात घेऊन बसायच्या. तो काटेरी, पांढराशुभ्र हलवा मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि म्हणूनच सांगते, घरात लहान मूल असताना त्या वाटेला जाऊ नका. फारच हौस असेल तर मूठभर तिळांचा करून बघा, तेवढाच देवापुढे ठेवायला होईल.

विकत घेताना दोन आकारांचा घ्या: पाव किलो तिळाचा बारीक आणि पाव किलो साबुदाण्याचा किंवा त्याहून जरा मोठा. खसखशीचा अगदी बारीक हलवा मिळाला तर मूठभर तोही घ्या, नथीला आणि कानातल्यांना तोच शोभतो. काटा बघून घ्या. गुळगुळीत, गोटीसारखा हलवा दोऱ्यात टिकत नाही. आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये मात्र नको. बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं आणि काटे विरघळतात.

हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, म्हणून तो ओवायचा नसतो, बांधायचा असतो. मोगऱ्याचा गजरा बांधतो ना, अगदी तसाच. जाडसर पांढरा दोरा घ्या. साधा शिलाईचा दोरा असेल तर दुहेरी करा. एक टोक पाटाच्या पायाला किंवा खुर्चीच्या हाताला बांधा. दोऱ्याचा छोटा फास करायचा, त्यात दाणा धरायचा, फास ओढून घ्यायचा, लगेच शेजारी पुढचा दाणा. काटे दोरा धरून ठेवतात. पहिली वीतभर माळ होईपर्यंत बोटं अडखळतात, पुढे हात आपोआप चालतो आणि गप्पा मारत दोघी-तिघींनी बसायचं हे काम होऊन जातं. दुपारी जावेलाही सोबत बसवा. स्वतःचे दागिने स्वतः करू नयेत असं कुणी म्हणालं तर तिला मुलाच्या दागिन्यांना बसवा, तुम्ही तिचे करा.

अशा माळा भरपूर बांधून झाल्या की निम्मं काम संपलं. दोन-तीन पदर एकत्र बांधले की हार. मधूनमधून काळे मणी घालून आणि खाली जाड कार्डाच्या दोन गोल चकत्यांवर हलवा लावून त्या वाट्या जोडल्या की मंगळसूत्र. जुन्या बांगडीला आधी पांढरी फीत गुंडाळा, वरून माळ घट्ट फिरवा, झाली पाटली. कमरपट्ट्याला दीड-दोन इंच रुंद कार्डाची पट्टी, मागे बांधायला सॅटिनची रिबीन. पट्टी सलग न ठेवता तीन-चार तुकड्यांत करून रिबिनीवर चिकटवा, म्हणजे बसताना मोडणार नाही. बाजूबंद तसेच. नथीला पातळ तांब्याची तार वाकवून तिच्यात मोती आणि एक गुलाबी मणी घाला, आणि मोत्यांच्या मध्ये तारेवर डिंकाचं बोट लावून खसखशीचा हलवा बसवा.

कार्डावर हलवा चिकटवताना डिंक पातळ थरात लावा आणि तो जरा चिकट होऊ द्या, मग दाणे ठेवा. ओल्या डिंकात ठेवलेला दाणा खालून विरघळतो आणि पिवळट दिसतो. चिकटवलेला हलवा खायचा नाही, हे घरातल्या पोरांना आधीच बजावून ठेवा. माळांतला हलवा मात्र नंतर प्रसाद म्हणून वाटता येतो.

संक्रांतीला काळी साडी नेसतात त्याचं खरं सौंदर्य या दागिन्यांत उमटतं. चंद्रकळेवर पांढरा हलवा जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाही. म्हणून कार्डाला सोनेरी कागद, रंगीत टिकल्या, चमकी यांचा भडिमार करू नका. हलव्याचा पांढरा रंग आणि थोडे मोती, एवढंच राहू द्या. तुमच्या दिरांसाठी एक हार, हातात धरायला गुच्छ आणि हवं तर हलवा लावलेला नारळ पुरे.

मुलाच्या दागिन्यांत डिंक अजिबात नको. दीड वर्षाचं मूल पहिल्यांदा तोंडातच घालणार. त्याचे हार, वाळे, बाजूबंद सगळे दोऱ्यात बांधलेले करा. मुकुट करायचा तर त्याच्या सुती टोपड्यालाच माळा टाचून घ्या. गळ्यातला हार सैल ठेवा आणि मागे साधी सुरगाठ मारा, ओढली तर सुटली पाहिजे. कौतुक झालं, फोटो झाले की लगेच काढून घ्या.

बोरन्हाणाचंही इथेच सांगते. चुरमुरे, लाह्या, बत्तासे डोक्यावरून घाला. बोरं, उसाच्या गंडेऱ्या, भुईमुगाच्या शेंगा या पाटाभोवती पसरून ठेवा, डोक्यावरून नको. बोर टाळूवर किंवा डोळ्यावर लागलं तर मूल घाबरतं आणि मग त्याला पाटावर बसवणंच मुश्कील. शेंगदाणा, बोराची बी आणि कडक हलवा एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, तेव्हा तो पाटावर असेपर्यंत एक मोठं माणूस फक्त त्याच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघत राहू दे. शेजारची मोठी मुलं गोळा करायला बोलवा, खरी मजा त्यांचीच असते.

वाणाबद्दल माझं मत पक्कं आहे: वापरून संपेल किंवा रोज हातात राहील असं काहीतरी द्या. प्रत्येक घरात वाणातल्या डब्या आणि वाट्या माळ्यावर पडून असतात. तुमच्याकडे शिलाई मशीन असेल तर जुन्या सुती साडीच्या भाजीच्या पिशव्या शिवा. साडेपाच मीटरच्या एका साडीतून डझनभर सहज निघतात: साडीच्या लांबीवर दर सोळा इंचांवर आडवं कापा, त्या तुकड्यातले चौतीस इंच दुमडून पिशवीचा घेर, आणि उरलेल्या अकरा इंचांचे दोन बंद. बंदाची पट्टी चार पदरी दुमडून शिवा आणि जोडताना चौकोनात फुलीची शिलाई मारा, दोन किलो कांदे घेऊनही तुटणार नाही. अडीच-तीन साड्यांत तुमचं वाण झालं. विरलेली साडी घेऊ नका. उजेडात धरून बघा, आरपार दिसत असेल तर ती गोधडीला ठेवा. पिशवीचा तुकडा काठाच्या बाजूने घेतलात तर काठ पिशवीच्या एका बाजूला उभा येतो आणि वेगळी सजावटच लागत नाही.

मशीन नसेल तर मेतकूट. थंडीत गरम मऊ भात, तूप आणि मेतकूट कुणाला नको असतं? अर्धा किलो हरभरा डाळ आणि पाव-पाव किलो उडीद डाळ, तांदूळ, गहू. हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खरपूस वास येईपर्यंत कोरडं भाजा. एकत्र भाजलंत तर तांदूळ कच्चे राहतात आणि डाळ करपते. मेथ्या दोनच चमचे, जास्त झाल्या तर कडू होतं. जिरे, मोहरी, धने थोडे थोडे, मग सुंठ, हळद, हिंग. पूर्ण गार झाल्यावरच दळा आणि चाळून घ्या. एवढ्यात चाळीसेक ग्रॅमच्या तीस पुड्या किंवा बाटल्या भरतात. बाटल्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. प्रत्येकीला एक चिठ्ठी बांधा: कधी केलं, काय काय घातलं, कशाबरोबर खायचं. ती चिठ्ठी हाताने लिहा, छापू नका.

पिशव्या आणि मेतकूट दोन्ही करायचा मोह होईल. एकच निवडा. हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री बारा वाजता बंद शिवत बसलेली बाई दुसऱ्या दिवशी पाहुण्यांशी बोलू शकत नाही.

तिळगुळाच्या वड्या तर घरी होतीलच. कुरकुरीत हव्या असतील तर चिक्कीचा गूळ घ्या आणि पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बघा. गोळी ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली की गॅस बंद. मऊ हव्या असतील, आणि आजीबाई येणार असतील तर मऊच करा, साधा गूळ नुसता विरघळून एक उकळी आली की तीळ, दाण्याचं कूट, खोबरं, वेलची घालून लगेच थापा. बांधून देताना वर्तमानपत्र नको, छपाईची शाई खाण्याला लागते. बटर पेपरचे चौकोन कापून पुड्या करा किंवा पानांचे द्रोण वापरा.

घरासाठी फार काही नकोच. पाटावर लाल कापड, त्यावर पाच सुगडं, आजूबाजूला उसाची कांडी, गाजरं, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गव्हाच्या ओंब्या मोकळ्या हाताने मांडा. पाटाभोवती पांढरी ठिपक्यांची रांगोळी. उरलेल्या ओंब्यांची जुडी लाल दोऱ्याने बांधून दाराच्या कडीला अडकवा, खिळा लागत नाही. पतंगाचा कागद आणून शेजारपाजारच्या मुलांना नाताळच्या सुट्टीतच कामाला लावा: हाताच्या पंजाएवढे पतंग कापायचे, मागे बारीक काडी, खाली शेपटी, आणि दोऱ्यात ओवून खिडकीच्या गजांपासून पडद्याच्या दांडीपर्यंत सोडायचे. जावेला बसवाल त्या जागेच्या मागे पडद्याच्या दांडीवरच एखादी जुनी काळी साडी सोडा आणि तिच्यावर फक्त पांढरे पतंग टाचा. फोटोला याहून चांगला पडदा मिळणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बोलावणी करायची आहेत म्हणून मनापासून सांगते. ज्यांचे नवरे हयात नाहीत, ज्यांनी लग्न केलं नाही, ज्या वेगळ्या राहतात, त्या सगळ्यांना बोलवा, आणि वाण सगळ्यांच्या हातात सारखंच द्या. सासूबाईंशी आधी शांतपणे बोलून घ्या, ऐन वेळी दारात गोंधळ नको. आता अनेक घरांत हे सुरू झालंय. इतक्या प्रेमाने शिवलेली पिशवी शेजारच्या काकूंना द्यायची नाही, यात कुणाचंच भलं नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: वाण डिसेंबर संपायच्या आत. कार्डाचे साचे, नथीची तार, रिबिनी कापून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तयार. हलवा हात लावायला काढायचा तो कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी. झालेले दागिने बटर पेपरवर एका थरात ठेवून डबा बंद करा आणि मुंग्यांसाठी तो डबा पाणी घातलेल्या परातीत, मधल्या वाटीवर ठेवा. वड्या आदल्या दिवशी. सुगडांचा भाजीपाला भोगीच्या सकाळी आणा, तेव्हा तो सगळ्यात ताजा मिळतो आणि त्यातूनच भोगीची भाजीही होते.