‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते म्हणून जीभ कापायची?

डॅलसच्या बाजूने एका आईचं पत्र आलंय, रात्री दीडला लिहिलेलं, म्हणजे झोप किती उडालीय ते कळतंच. ती म्हणते, "काकू, लेक सव्वाचार वर्षांची आहे. शाळेला शाला म्हणते, बाळाला बाल, केळी मागताना केली. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या हिची जीभ चिकटलेली आहे, वेळेवर सोडवून घ्या. इथल्या दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले मागच्या बाजूला टंग टाय आहे, म्हणजे जीभ खाली बांधून ठेवणारा पडदा, वरच्या ओठालाही आहे, लेझरने पाच मिनिटांत दोन्ही होईल. तारीख घेतलीय पण मन धजत नाहीये. आई म्हणून मी उशीर तर करत नाहीये ना?"

नाही गं, अजिबात उशीर करत नाहीयेस. ती तारीख आधी पुढे ढकल आणि मग शांतपणे वाच.

तुझ्या पत्रात तक्रारीचे शब्द तीन आहेत आणि तिन्हीत अडलंय ते एकच अक्षर, ळ. त्याच्या जागी ती ल म्हणते आणि ल स्वच्छ म्हणते. ल म्हणायला जिभेचं टोक वर उचलून दातांच्या मागे टेकवावं लागतं, आणि खरोखर घट्ट बांधलेल्या जिभेला हेच जड जातं. तुझ्या लेकीची जीभ वर जातेय. ळ साठी ती मागे वळवून टाळूला लावायची असते, ते ऐकून ऐकून येतं, आणि इंग्लिशमध्ये हा आवाजच नाही तर ती ऐकणार कुठे? तूच पुढे लिहिलंयस, "डेकेअरच्या टीचरने सांगितल्यापासून आम्ही घरी पण इंग्लिशच बोलतो." इथे मी तुला रागावणार आहे. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं किंवा गोंधळतं हे खरं नाही, आणि तुम्ही दोघांनी तिच्या कानावरून मराठी काढून घेतलीत आणि आता ळ येत नाही म्हणून जिभेकडे बघताय.

माझी आई अकोल्याची. तिच्या माहेरी सगळे डोळ्याला डोया म्हणायचे, केळीला केयी, जवळला जवय. आख्खा वऱ्हाड असा बोलतो, खानदेशातही पुष्कळ ठिकाणी ऐकशील, कुणाच्या जिभेला काही झालेलं नाही, कानावर जे पडलं ते तोंडात आलं. आणि माझा थोरला इथे न्यू जर्सीत वाढला, साडेचार वर्षांचा होईपर्यंत फळाला फल म्हणायचा. आम्हालाही एका डॉक्टरांनी जीभ सोडवून घ्या म्हणून सांगितलं होतं, मी रात्र रात्र रडले होते, फक्त भारतात जायची तिकिटं आधीच काढली होती म्हणून परत आल्यावर बघू म्हटलं. सांगलीला दोन महिने चुलतभावंडांत खेळला, दिवसभर अंगणात "चल खेळायला, पळ पळ" चालू, आणि परत येताना विमानात खिडकीतून बघून म्हणाला "आई, आभाळ". तेव्हापासून ळ चं नाव काढलं की मी थांबत नाही.

आता खरंच घट्ट आहे का ते घरीच बघ. वरच्या ओठाला थोडं श्रीखंड लाव आणि चाटायला सांग. जीभ बाहेर काढली की टोक मध्ये ओढलं जाऊन पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं का? मागच्या दातांत अडकलेला घास जिभेने काढता येतो का? इंग्लिश बोलताना ल, त, न सारखे आवाज परक्या माणसाला कळतात का? हे सगळं ठीक असेल तर घाई कसली. माझ्या नणंदेच्या मुलीचं ठीक नव्हतं, तिला आइस्क्रीमचा कोन चाटता यायचा नाही, ओठावरचं काही जिभेने पुसता यायचं नाही, तिची शस्त्रक्रिया पाचव्या वर्षी केली आणि बरं झालं केली. पण तिला पूर्ण भूल द्यावी लागली, आठवडाभर दुखलं, आणि बोलणं काही आपोआप सुधारलं नाही, त्यासाठी पुढे कित्येक महिने स्पीच थेरपी झाली. तान्ह्या बाळाचं आणि दात आलेल्या मुलाचं हे काम सारखं नसतं, पाच मिनिटं कात्रीची किंवा लेझरची असतील, बाकीचं सगळं मुलालाच सोसायचं असतं.

अमेरिकेतल्या नाक-कान-घशाच्या तज्ज्ञांच्या गटाने 2020 मध्ये एकमताने म्हटलंय की टंग टायमुळे सहसा बोलणं बिघडत नाही. आणि ‘मागच्या बाजूचा टंग टाय’ म्हणजे नेमकं काय यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. मग एकाच डॉक्टरच्या शब्दावर लेकीला खुर्चीत कशाला बसवायचं? ज्याने कापायचं त्यानेच गरज ठरवायची हे मला पटत नाही. आधी कानाची तपासणी, कारण कानात पाणी साठलं की मुलं अक्षरं अर्धवट ऐकतात. मग स्पीच थेरपिस्ट. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाची तपासणी तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे फुकट होते, मूल सरकारी शाळेत नसलं तरी, फक्त लेखी मागायची. आणि ती मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी असं कायदाच म्हणतो, शक्य असेल तिथे. म्हणून फोनवर तिचं मराठी बोलणं रेकॉर्ड करून घेऊन जा आणि त्यांना स्पष्ट सांग की ळ हा आमच्या भाषेतला आवाज आहे, तो इंग्लिशच्या यादीत सापडणार नाही.

बाकीचं थोडक्यात. मार्चमध्ये दुसरं बाळ येतंय तर "जन्मल्याबरोबर जीभ तपासून कापून घेऊ का" असं विचारलंयस. नुसतं दिसतंय म्हणून नको. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2024 मध्ये सांगितलंय की अशी जीभ असलेल्या निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिताना त्रास होतो. तुला दुखत असेल किंवा बाळाचं वजन वाढत नसेल तर आधी लॅक्टेशन कन्सल्टंटला, म्हणजे अंगावर पाजायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखव, त्यानंतरही अडलं तर तेव्हा ते छोटं काम जरूर करून घे, त्या वयात खरंच उपयोग होतो. सासूबाईंनी वेखंड मधात उगाळून चाटवायला सांगितलंय ते या बाळाला करू नकोस, वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा.

सासूबाई रुसल्यात म्हणतेस, त्यांना रोज संध्याकाळी वीस मिनिटं नातीशी बोलायचं काम दे, गोष्ट सांगा म्हणावं, कावळ्याची आणि चिमणीची, त्यात ळ भरपूर आहे. डिसेंबरमध्ये पुण्याला स्वस्तात करून घेऊ असं नवरा म्हणतोय, त्याला म्हणावं त्याऐवजी मुक्काम दोन आठवड्यांनी वाढव. आणि शनिवारची मराठी शाळा पाऊण तासावर आहे म्हणून नाव घातलं नाहीस? घाल, या सत्रातच घाल. जाता-येता गाडीत मराठीच बोला.