जवसाची चटणी आणि वडिलांचा आजार

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. मी ५२ वर्षांचा आहे. रोज जवसाची चटणी खाल्ली तर टळेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : माझे काका याच आजाराने गेले, त्यामुळे तुमची धास्ती मला कळते. जवसात लिग्नान नावाची वनस्पतिद्रव्यं असतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं एन्टेरोलॅक्टोन नावाचं द्रव्य बनवतात. त्याचा परिणाम थोडासा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा. पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या ज्या बीटा ग्राहीवर (रिसेप्टरवर) ते बसतं, तिचं जनुक सगळ्यांचं सारखं नसतं. स्वीडनमधल्या २००६च्या अभ्यासात १,३१४ रुग्णांची ७८२ इतर पुरुषांशी तुलना केली होती. त्या जनुकात एक ठरावीक बदल असलेल्यांपैकी ज्यांच्या आहारात अशी इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिद्रव्यं सर्वाधिक होती, त्यांच्यात धोका निम्म्याहून कमी दिसला. बदल नसलेल्यांत काहीच फरक नाही. तिथे ही द्रव्यं मुख्यतः राय धान्याच्या पावातून मिळतात (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे).

चटणी जरूर खा, पण जवस भाजून नीट कुटा. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. लिग्नानच्या गोळ्यांच्या मागे मात्र लागू नका. आणि भाऊ, चटणीच्या भरवशावर थांबू नका. वडिलांचा इतिहास सांगून पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीबद्दल मूत्ररोगतज्ज्ञांशी याच महिन्यात बोला.